जयरामकाकांची विनातिकीट फेरी

जयरामकाका एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे त्यांनी गाडी कधी चालवली नाही, तिकीट कधी फाडलं नाही. पण गाडी आली किंवा गेली हे त्यांनी वहीत लिहिल्याशिवाय ती आली-गेली असं कुणी मानत नसे. कट्टा गावाला जाणारी गाडी समोरून धुरळा उडवत निघून गेली तरी काका शांतपणे म्हणत, अजून लागायची आहे. आणि प्रवासी थांबत.

असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न इतर गावांना पडत असेल. आमच्या गावाने त्यांना गावपळणीच्या वेळी शिमेवर, म्हणजे गावाच्या हद्दीवर, बसवलं.

आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री घरं सोडून शिमेबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. मागे जिवंत काही ठेवायचं नाही. त्या दिवसांत गावात कोण राहतं याविषयी मतभेद आहेत. कुणी म्हणतं देव, कुणी म्हणतं देवाची शिपाईमंडळी. आणि ज्यांचा दोघांवरही विश्वास नाही तेसुद्धा चूल विझवून मुकाट बाहेर पडतात. चौथ्या दिवशी मानकरी देवळात पुन्हा कौल लावतात. मिळाला तर घरी परतायचं. न मिळाला तर मुक्काम वाढतो, आणि ज्याच्या चुकीमुळे वाढला त्याच्या घराण्याला गाव पुढल्या दोन पिढ्या तरी लक्षात ठेवतं. आमचं गाव इतर बाबतींत विसराळू आहे.

गेल्या पळणीला काका पहाटे पाचला व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, साकवाजवळ खुर्ची टाकून बसले. साकवाच्या अलीकडे गाव, पलीकडे इनासचा माळ, जिथे दरवेळी माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी उभ्या राहतात. काकांच्या गळ्यात शिट्टी, मांडीवर वही. साकव ओलांडणाऱ्या प्रत्येक घराची नोंद होत होती: माणसं किती, गुरं किती, कोंबड्या किती. शेवंतीआजी मांजर विसरून आली, तर तिला त्यांनी भर उन्हात परत धाडलं. ओमकार हा गावाचा यूट्यूबर. त्याने रिकाम्या गावावरून ड्रोन उडवायची परवानगी मागितली. मानकरी हरिश्चंद्र विचारात पडले, पण काकांनी एका वाक्यात निकाल दिला: वरून गेला तरी गेलाच. वहीत लिहिलं, 'ड्रोन एक, नाकारला.'

एवढ्या काटेकोर माणसाने स्वतःच्या घरात मात्र एक कोंबडी मागे ठेवली होती.

कोंबडी शुभदाकाकीची. तांबडी, तापट, आणि त्या वेळी बारा अंड्यांवर खुडूक बसलेली. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, आणि पळणीचा पहिला दिवस नेमका एकोणिसावा होता. काकीने आठवडाभर आधीच काकांना सांगून ठेवलं होतं की अंधार असताना पाटी कोंबडीसकट उचलायची, वर पंचा टाकायचा आणि शिमेपलीकडे मारियानच्या लाकडांच्या खोपीत नेऊन ठेवायची. मारियान म्हणजे इनासची बायको. तिने जागा झाडूनही ठेवली होती.

काका पहाटे पाटी उचलायला गेले. कोंबडीने त्यांच्या मनगटावर दोनदा चोच मारली. मग काकांनी थोडा विचार केला. या दिवसांत कोंबडी हलवली तर ती अंडी टाकून देते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. शिवाय ज्या माणसाने नोकरीभर पेनाहून जड काही उचललं नाही, त्याने मानाच्या दिवशी डोक्यावर कोंबडी घेऊन साकव ओलांडायचा? यातलं कुठलं कारण खरं, हे त्यांनी मलाही कधी नीट सांगितलेलं नाही. त्यांनी पाटी घरामागच्या मांगरात, अवजारांच्या खोपटात, सरकवली, वाटीभर पाणी आणि मूठभर भात ठेवला, दार ओढून घेतलं. काकीने विचारलं तेव्हा म्हणाले, पोचवली.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात काका खोटं बोलले नव्हते असं नाही, पण वहीत कधी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी पहिली नोंद त्यांनी स्वतःच्या घराची केली: 'माणसं दोन, कोंबडी एक.'

पहिली रात्र त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून ते खोपीत आडवे झाले, आणि जे घडलं ते त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

त्यांना जाग आली, पण ती डोळ्यांपुरतीच. बाजूच्या खोपीत पत्ते चालले होते, कुणीतरी उतारी चुकला म्हणून शिव्या खात होता, हे सगळं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. झापांच्या फटींतून उन्हाच्या काड्या खाली पडलेल्या दिसत होत्या. पण हात उचलेना, जीभ हलेना. छातीवर काहीतरी बसलेलं होतं. ऊबदार, जड, आणि मधूनच अंग फुलवणारं. इतरांच्या छातीवर अशा वेळी काळी सावली बसते, जटा सोडलेली बाई बसते, देवचार बसतो. काकांच्या छातीवर कोंबडी बसली होती.

मग ते वजन एकाएकी गेलं, आणि त्याबरोबर काकाही उचलले गेले. खोपीच्या आढ्याशी जाऊन त्यांनी खाली पाहिलं. चटईवर एक टकला गृहस्थ तोंड उघडं टाकून पडला होता आणि त्याच्या बनियनला काखेत भोक होतं. स्वतःविषयी एवढी निःपक्ष माहिती त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होती. ती पुरती घ्यायच्या आत ते झापांतून बाहेर गेले. माळ, व्हाळ, साकव, शिमेवरची त्यांची रिकामी खुर्ची. पलीकडे गाव. एकाही घरातून धूर नाही, एकाही अंगणात पाऊल नाही. माडांच्या सावल्या तेवढ्या भिंतींवरून सरकत होत्या. काका म्हणतात, इतकं स्वच्छ त्यांनी गाव कधी पाहिलं नव्हतं. ते स्वतःच्या मांगरात उतरले. कोंबडी पाटीत बसलेली होती. वाटी उपडी पडलेली, आणि दाराच्या फटीतून मुंगसाचं नाक आत येत होतं.

त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला. आवाज फुटेना. तेवढ्यात शुभदाकाकीने चहासाठी उठवायला म्हणून त्यांच्या पायाचा अंगठा ओढला आणि काका एका झटक्यात शरीरात परत आले. आल्याआल्या ते बोलून गेले की मी गावात जाऊन आलो.

झापांच्या भिंतींना कान शोधावे लागत नाहीत. चहा उकळेपर्यंत ही बातमी माळाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती, आणि तिथून परत येईपर्यंत काका सायकलने जाऊन आले होते.

काजूच्या झाडाखाली सभा भरली. ओमकारने मोबाइलवर वाचून दाखवलं की याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, मेंदू जागा होतो आणि शरीर झोपेत राहतं. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मग त्याने पुढचं वाचलं, की काही जण याला सूक्ष्म देहाचा प्रवास असंही मानतात. हे मात्र सगळ्यांना ताबडतोब पटलं. मागच्या महिन्यात नळयोजनेच्या बैठकीला पाच जण आले होते. या बैठकीला बसायला जागा नव्हती.

हरिश्चंद्रांनी घसा साफ केला. "जयराम, तू गावात गेललस? होय काय नाय, तेवढाच सांग."

"गेललंय," काका म्हणाले. "पण आंग हयच होता."

शीम ओलांडताना पाय जमिनीला लागले का, असं हरिश्चंद्रांनी विचारलं. काका म्हणाले, नाही, वरून गेलो.

इनास खिशात हात घालून उभा होता. जमीन त्याची असल्यामुळे अशा सभांत तो अर्धा पाहुणा आणि अर्धा यजमान असतो. "मगे वयरसून गेलो तर शीम खंय इली? शीम जमनीक आसा, वाऱ्याक नाय," तो म्हणाला. बऱ्याच माना हलल्या. प्रकरण तिथेच मिटत होतं.

"वा," ओमकार म्हणाला. "माज्या ड्रोनाक बंदी, आणि काकांच्या आत्म्याक मोकळीक?"

वही आणली गेली. 'वरून गेला तरी गेलाच,' हा काकांचाच निकाल साऱ्यांना आठवत होता. आता आत्मा हा ड्रोन धरायचा की माणूस, यावर अर्धा तास चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं की आत्म्याची जाताना नोंद नाही, म्हणजे तो गेलेला नाही. मागून कुणीतरी विचारलं, गाडी थेट होती की कट्ट्याला बदलावी लागली? काका कशालाच हसले नाहीत. ते एकटक काकीकडे बघत होते. काकी तांदूळ निवडत होती आणि वर बघत नव्हती.

शेवटी हरिश्चंद्र आवाज खाली आणून म्हणाले, "आता खरा सांग. थंय कोण दिसला?"

इतक्या पिढ्यांत पळणीच्या दिवसांतलं गाव कुणी पाहिलेलं नव्हतं. काकांनी काहीही सांगितलं असतं, एखादी ज्योत, घोंगडीवाला म्हातारा, पांढरा घोडा, तरी ते खपलं असतं; त्यांना मरेपर्यंत मान मिळाला असता आणि ओमकारला लाखभर प्रेक्षक. पण मुंगूस अजून तिथेच असेल, आणि दोन दिवसांनी काकी मांगराचं दार उघडेल, हे काकांना त्या ज्योतीपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं.

"कोंबी," ते म्हणाले.

कुणाची, असं हरिश्चंद्रांनी विचारलं.

"आमची. मीच ठेवलंय मांगरात. वयेत खोटा लिवलंय."

मग जे झालं ते माझ्या काकांच्या बाबतीत मला लिहायला आवडत नाही. पळण बाटली, असं एकजण म्हणाला. कौल आता कसला मिळतो, असं दुसरा. कुणाची रजा संपत होती, कुणाच्या मुलीची परीक्षा होती. आत्म्याबद्दल अर्धा तास समजुतीने बोलणारे लोक कोंबडीबद्दल दोन मिनिटंही ऐकून घेईनात. शेवंतीआजीने मांजर उराशी धरून काकांकडे पाहिलं. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं असावं.

काकीने सूप खाली ठेवलं.

"कोंबी मारियानच्या खोपीत आसा," ती म्हणाली. "मीच हाडलंय. कोयतो काढूक मांगरात गेललंय, तेवा गावली."

काका तिच्याकडे बघतच राहिले. पहिल्या दिवशी सकाळी सातला काकीने डोक्यावर पाटी घेऊन, वर पंचा टाकून, त्यांच्या खुर्चीसमोरून साकव ओलांडला होता. काकांनी पंचा उचलूनही पाहिला नव्हता. लिहिलं होतं, 'भांडी, पाटी एक.'

"मगे दोन दिस बोललस कित्या नाय?" त्यांनी विचारलं.

"तुमी सांगशात म्हणान वाट बघी होतंय."

मारियानने सगळ्यांना नेऊन खोप दाखवली. काकांच्या चटईपासून ती पन्नास पावलांवर होती. सूक्ष्म देहाने गाव पालथं घातलं, पण जाताना ज्या छपरावरून तो गेला त्याखाली डोकावायचं त्याला सुचलं नव्हतं.

हरिश्चंद्रांना केवढा धीर आला. कोंबडी गावात नाही, म्हणजे काकांनी पाहिलं ते खरं नाही, म्हणजे काका गेलेच नाहीत, म्हणजे पळण शुद्ध. त्यांनी तसा निकाल दिला आणि लोक जरा हिरमुसून उठले. काकांनी तो मान खाली घालून स्वीकारावा, एवढीच अपेक्षा होती.

"गेललंय मात्र," काका हळूच म्हणाले. "कोंबी नसात. पण मी गेललंय."

हे कुणी वहीत लिहिलं नाही.

त्यानंतर चोवीस तास काकी त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढत होती, चहा देत होती, पण बोलली नाही. काका मारियानच्या खोपीत एका ओंडक्यावर बसून असत. तिसऱ्या दिवशी सकाळपासून अंडी फुटायला लागली आणि दुपारपर्यंत अकरा पिल्लं झाली. एक अंडं तसंच राहिलं. काकांनी काकीला बोलावून ते दाखवलं, आणि ते आपल्यामुळे राहिलं असेल, असंही सांगितलं. पहाटे पाटी सरकवताना जोरात धक्का लागला होता. हे कुणी विचारलेलं नव्हतं. काकीने अंडं उजेडात धरून पाहिलं, मग अलगद बाजूला ठेवलं. "ह्यात पयल्यापास्नाच काय नव्हता," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी कौल मिळाला. घरी जाताना पाटी काकांनी डोक्यावर घेतली. कोंबडीने वाटभर त्यांची बोटं टोचली, आणि साकवापाशी दोघातिघांनी फोटो काढले.

त्यानंतर काकांकडे लोक येऊ लागले. निकाल काहीही असो, गावाने आपलं मत बदललं नव्हतं. कुणाची म्हैस हरवली होती, कुणाला मस्कतमधल्या मुलाची खुशाली हवी होती. काकांनी दुपारी जरा पडावं आणि बघून यावं. काका सगळ्यांना सांगत की कोंबडी पन्नास पावलांवर होती आणि मला ती दुसरीकडे दिसली. लोकांना हा विनय वाटे.

खरं म्हणजे काका दुपारी पडायला घाबरत होते. खाट टाकायचे, उशी ठेवायचे आणि वर्तमानपत्र घेऊन बसून राहायचे. छातीवरचं ते वजन पुन्हा येईल, हाक मारता येणार नाही, आणि या वेळी अंगठा ओढायला कुणी नसेल, असं त्यांना वाटे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण आता न सांगता ठेवायची त्यांची सवय मोडली असावी, कारण एके दुपारी मी ओटीवर वाचत असताना त्यांनी ते काकीला सांगितलं. सगळं, भीतीसकट, अगदी बनियनच्या भोकापर्यंत.

काकीने आतून पाट आणला आणि खाटेच्या पायथ्याशी मांडला. मांडीवर सूप घेतलं. एक हात काकांच्या पावलावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कुळीथ निवडायला लागली.

"निजा," ती म्हणाली. "आणि खंय जातलात तर सांगान जावा."