समुपदेशकांच्या खोलीबाहेरचा बाक

शाळेतून जेसल पार्कला घरी कशी पोचले, आठवत नाहीये. तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत समुपदेशक मॅडमची खोली प्रिन्सिपलच्या केबिनला लागून आहे. दोन्हींच्या बाहेर एकच बाक. शिक्षा झालेली मुलंही त्यावरच बसतात.

आज नववीतली एक मुलगी स्वतःहून तिथे येऊन बसली. मॅडम आत दुसऱ्या मुलाशी बोलत होत्या. येणारा-जाणारा प्रत्येक टीचर तिला विचारत होता, "काय गं, आज काय केलंस?" शिपाईसुद्धा हसला, "अब क्या कांड किया?"

ती उठून गेली.

मला जिन्यात रडताना दिसली. जवळ बसले तर म्हणाली, "टीचर, मी काहीच केलं नाहीये. मला फक्त सांगायचं होतं, मला जगावंसं वाटत नाही."

तिला एकटं सोडलं नाही. मॅडमकडे नेलं, आईला बोलावून घेतलं. आता ती आईजवळ आहे.

पण बाक तिथेच आहे. हलवा म्हटलं, तर प्रिन्सिपल म्हणाले, "मॅडम, जागा कुठे आहे?"

एवढ्या मोठ्या शाळेत रडणाऱ्या मुलाला बसायला जागा नाही. तुमच्या मुलांच्या शाळेत आहे का? उद्या जाऊन बघाल का, प्लीज?