स्मरणिकेतून गाळलेला परिच्छेद

मला स्मरणिका काढायची खोड आहे. अमेरिकेतल्या डब्लिनला राहायला आल्यापासून आमच्या मराठी मंडळाच्या सगळ्या स्मरणिका मीच काढल्या. लेखांसाठी लोकांच्या मागे लागायचं, जुने फोटो मागायचे, जाहिरातवाल्यांची मनधरणी करायची आणि शेवटी शुद्धलेखनावरून नवऱ्याशी भांडायचं, हे सगळं मला मनापासून आवडतं. त्यामुळे मुलीच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या पालकांना जेव्हा स्पर्धेचा इतिहास लिहायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर गेला. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे.

स्पर्धा आसपासच्या लहान कॉलेजांच्या मुलींची. दर नोव्हेंबरमध्ये होते. या वेळी सेमीफायनल आणि फायनल आमच्या मुलीच्या कॉलेजच्या मैदानावर होणार होत्या आणि मुलगी टीमची गोलकीपर होती. तेव्हा प्रेक्षकांच्या हातात एक छानशी पुस्तिका द्यावी, अशी कल्पना होती.

मी लोकांच्या तळघरांतून खोकी मागवली आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. सुरुवातीच्या मुली मुलांच्या टीमचे जुने शर्ट घालून खेळायच्या. कोचच्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून यायच्या, घरून आणलेली सँडविचेस खायच्या. एके वर्षी ऐन फायनलला बर्फ पडला, तर आयांनी घरचे झाडू आणून मैदानावरच्या पांढऱ्या रेघा मोकळ्या केल्या होत्या. त्या आया मला फार आपल्याशा वाटल्या. आठवडाभर मी नवऱ्याला जेवताना दुसरं काही बोलू दिलं नाही.

मग हळूहळू एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. विजयी टीमच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत कडेला एक मुलगी बसलेली असायची. कधी कुबड्या घेऊन, कधी मान खाली घालून, कधी उन्हाचं काहीच कारण नसताना डोळ्यांवर हात धरून. पुढच्या वर्षीच्या फोटोत ती नसायची. खाली मात्र लिहिलेलं असायचं, जिद्दी, न डगमगणारी. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण मी फोटो पुन्हा पाकिटात घातले.

पहिला कप जिंकून देणारी गोलकीपर दोन तासांवरच्या एका गावात राहते, असं कळलं. तिच्याशिवाय इतिहास कसला, म्हणून मी ड्राइव्ह करत गेले. सकाळचे अकरा वाजले होते आणि घरातले सगळे पडदे ओढलेले होते. माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी बाई, डोक्यावर टोपी, बोलायला गोड. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर कागद चिकटवलेले होते, कप, साखर, औषधं. तिने मला कॉफीत साखर हवी का विचारलं. मी नको म्हटलं. थोड्या वेळाने तिने तेच विचारलं. कॉफी पिऊन झाल्यावर तिसऱ्यांदा विचारलं.

सेमीफायनलमध्ये तिचं डोकं गोलपोस्टवर आपटलं होतं. त्या काळी कोणी फारशी चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती फायनल खेळली आणि तिने एकही गोल होऊ दिला नाही. ही कथा कॉलेजात सगळ्यांना पाठ आहे. मी वहीत उतरवून घेत होते, तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला ती फायनल आठवत नाही," ती म्हणाली. "लोक सांगतात, म्हणून मी जिंकले. हेही लिहा. मुलींनी वाचलं पाहिजे."

मी लिहिते म्हटलं, आणि खरोखरच लिहिलं. एक मोठा परिच्छेद, पडदे, कागद, साखर, सगळं त्यात होतं. मग छापायला देण्याआधी गाळला.

कारण सांगते, पण ते सबब म्हणून धरू नका. आमच्या मंडळातल्या एका काकांनी मला पहिल्या अंकाच्या वेळी शिकवलं होतं की स्मरणिका म्हणजे मंगलकार्य. त्यात भांडणं नकोत, आजारपणं नकोत, गेलेल्या माणसांचे फोटो शेवटच्या पानावर. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी इतकी वर्षं तसेच अंक काढले आणि लोकांनी वाहवा केली. त्यातून माझीच मुलगी गोलमध्ये उभी राहणार असताना असलं अभद्र माझ्या हाताने छापायचं, हे मला सोसलं नाही. शुभ बोल नाऱ्या, असं मी स्वतःलाच दटावलं. राहिलं ते एक वाक्य: डोक्याला मार लागूनही ती दुसऱ्या दिवशी मैदानात उतरली आणि तिने एकही गोल होऊ दिला नाही. वाक्य चांगलं झालं होतं, याचा मला अभिमानही वाटला.

पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून मुलीला तपासायला दिली. तिने चार स्वल्पविराम बदलले. त्या पानावर मात्र ती बराच वेळ थांबली, फोनवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "शी वॉज सो टफ, आई." मला बरं वाटलं. लेकीने माझं लिहिलेलं काही जपून ठेवल्याची ती पहिलीच वेळ होती.

सेमीफायनलला समोरची खेळाडू बॉलच्या मागे धावत आली, मुलगी तिच्या पायांत झेपावली आणि त्या खेळाडूचा गुडघा मुलीच्या डोक्याला बाजूने लागला. मी उभी राहिले. मुलगीही लगेच उठली आणि तिने अंगठा वर केला. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या टीमच्या ट्रेनरबाई मैदानात जाऊन तिच्याशी बोलल्या आणि परत आल्या. आम्ही जिंकलो. नवरा कामासाठी जर्सी सिटीला गेला होता, तो विमानाने थेट फायनलला पोचणार होता. मी त्याला फोन केला तेव्हा त्या गुडघ्याचा विषय काढला नाही.

रात्री माझ्याच खोलीत झोपलेली मुलगी फायनलच्या सकाळी हॉटेलात माझ्याबरोबर नाश्त्याला आली; टीमचाही नाश्ता तिथेच होता. आत बसूनही तिने गॉगल काढला नाही. बाबा येणारेत ना, तिने विचारलं. मी सांगितलं, अकराला लँड होतील. तिने ब्रेडला लोणी लावलं, तसंच ठेवून दिलं आणि पुन्हा विचारलं, बाबा येणारेत ना. मी पुन्हा सांगितलं. डोकं दुखतंय का, असं विचारलं, तर ती म्हणाली की झोप नीट झाली नाही, बाकी काही नाही. मग माझ्या कॉफीच्या कपाकडे बघत तिने तिसऱ्यांदा विचारलं.

मला कळलं होतं. आज कोणी विचारलं तर मला खोटं सांगता येणार नाही, मला त्या क्षणी कळलं होतं. तेवढ्यात ट्रेनरबाई आमच्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी सरळ मलाच विचारलं, रात्रीपासून ही कशी आहे, काही वेगळं वाटतंय का? मुलीने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. खुर्चीवर पुस्तिकांचं नवंकोरं खोकं होतं. परक्या माणसाने ‘कसं काय?’ विचारलं की ‘मजेत’ म्हणायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तोंड आपोआप उघडतं.

"शी इज फाइन," मी म्हटलं.

पहिला अर्धा वेळ ती उत्तम खेळली. नवरा बॅग घेऊन धावतपळत येऊन शेजारी बसला, लोक माझी पुस्तिका चाळत होते आणि मी उगाच घाबरले असं स्वतःला समजावत होते. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात. मुलगी शांतपणे चालत गेली आणि पुन्हा त्याच जुन्या गोलमध्ये जाऊन उभी राहिली. समोरच्या टीमची गोलकीपर तिथे आली, हसून काहीतरी म्हणाली. प्रेक्षकही हसले. मुलीने ग्लोव्ह्ज नीट केले आणि बॉलची वाट बघत वाकून उभी राहिली. नवरा हसत माझ्याकडे वळला आणि माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. मी पायऱ्या उतरून धावत सुटले, तोवर ट्रेनरबाई तिच्यापर्यंत पोचल्या होत्या.

आता ती घरी आहे. सेमिस्टर कॅन्सल केलं. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, किती ते सांगत नाहीत. तिच्या खोलीचे पडदे मीच ओढते. वाचायला आणि स्क्रीनला बंदी आहे, म्हणून दुपारी मी तिला काहीबाही वाचून दाखवते. परवा तिने स्वतःच विचारलं की फायनलला काय झालं. मी सांगितलं. मग तिने विचारलं की त्या पहिल्या गोलकीपरला काहीच कसं झालं नव्हतं. "तू लिहिलंयस ना, शी प्लेड. मला वाटलं मी पण खेळू शकते."

मी खाली गेले, वही शोधली आणि गाळलेला परिच्छेद तिला मोठ्याने वाचून दाखवला. साखरेची ओळ दोनदा वाचावी लागली, तरी शेवटपर्यंत वाचला. ती उशीवर डोळे मिटून पडली होती.

"हे आधी का नाही लिहिलंस, आई?"

मी तिला काका, मंगलकार्य, झाकली मूठ, सगळं सांगितलं. मला भीती वाटली आणि मिरवायचंही होतं, हेसुद्धा सांगितलं. ट्रेनरबाईंशी मी खोटं बोलले तेही सांगितलं. ती माझी बोटं धरून राहिली. मला वाटलं, निदान एकदाचं सांगून तरी झालं.

पंधरा मिनिटांनी तिने डोळे उघडले, माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "हे आधी का नाही लिहिलंस, आई?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.