टिनाखालची दुपार

उन्हाळा लागला की कचेरीतले लोक मला विचारायला येतात. कूलर कुठं बसवावा, टेबल फॅन घरघर का करतो, टिनाचं घर थंड कसं ठेवावं. मी सांगतो. कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, कोंडलेल्या खोलीत तो नुसती ओल वाढवतो. फॅनला तेल थेंबभरच द्या, जास्त झालं तर धूळ धरतो. टिनावर धानाची तणीस, म्हणजे पेंढा, जाड अंथरा, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून बांबू बांधा. लोक खूश होऊन जातात. टिनाबद्दल मला इतकं कसं कळतं, हे कोणी विचारत नाही. मीही कधी सांगितलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

आमचं घर एकोडीचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे गावठी कौलं. आईवडील गेल्यावर तिथं मोठा भाऊ एकटाच राहिला. वहिनी लग्नानंतर लवकरच वारली, मूलबाळ झालं नव्हतं, आणि दुसरं लग्न त्यानं केलं नाही. धान पिकवून मला त्यानंच शिकवलं. मी साकोलीला नोकरीला लागलो.

कवेलूच्या घराचं एक काम दरवर्षीचं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे कवेलू काढायचे, फुटके वेगळे करायचे आणि बाकीचे पुन्हा रचायचे. घर फेरणं म्हणतात त्याला. दादा वर बसायचा, मी खालून टोपलं चढवायचो. दिवसभर आमच्यात बोलणं असं फारसं नसायचं. "दे" आणि "घे" एवढंच. नोकरी लागल्यावर मला ते नकोसं झालं. मानेत जाणारी माती, कवेलूखालचे विंचू, रजेचा अर्ज, साहेबांचं वाकडं तोंड. त्यात जंगलातून वांदरं यायची आणि छपरावर उड्या मारून कवेलू फोडायची. मी ते निमित्त धरलं. दादाला म्हटलं, वांदरांचा कायमचा बंदोबस्त करू, टिन घालू. टिन तापते, एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, पंखा आणून देतो.

टिन चढलं तेव्हा गाव बघायला आलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं दादाला विचारलं, "काय गा, टिनाचं थेटर उघडून राहिला काय?" दादाही हसला. वांदरं मात्र पहिल्याच दुपारी पाय भाजून पळाली.

त्या वर्षी घर फेरायला मला जावं लागलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. खरं म्हणजे वांदरांचं मला काही पडलेलं नव्हतं. मला ते जाणं टाळायचं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पुढं एका मे महिन्यात त्या बाजूला काम निघालं, म्हणून न कळवता भर दुपारी घरी गेलो. आत पाय ठेवला तर भट्टीसारखी धग अंगावर आली. टिन टणटण वाजत होतं. मी आणलेला पंखा फळीवर होता. लावून पाहिला, तर छपराखालची तापलेली हवाच तो तोंडावर मारू लागला. दादा घरात नव्हता. मागे बैलांच्या कोठ्यात होता. कोठ्यावर जुनेच कवेलू होते, आणि दोन बैलांच्या मधल्या जागेत पोतं टाकून तो पडला होता. मला बघून उठला. बैलाचं पोट बिघडलं म्हणून इथं टेकलो, म्हणाला. दोन्ही बैल आरामात रवंथ करत होते. पोतं मधोमध दबून गुळगुळीत झालेलं होतं. मी बैलाला काय चारलं होतं ते विचारलं. निघताना टिनावर तणीस अंथरायचा सल्लाही दिला. तणीस बैलाइलेच पुरत नाही, तो म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात मी माझ्या क्वार्टरला कूलर घेतला.

दादा बाजाराच्या दिवशी सायकलनं आला. बायकोनं जेवायला वाढलं, मग तिनंच खाली चटई टाकली. तो कूलरसमोर बसला, आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. तोंड उघडं, धोतर गुडघ्यापर्यंत, तळपायाच्या भेगांत शेताची माती. इतकी गाढ झोप त्याला किती दिवसांनी लागली असेल, ते मला माहीत होतं. कारण कोठा मी पाहिलेला होता.

पण थोड्या वेळानं आमचे साहेब बायकोसह चहाला येणार होते, आणि बसायची खोली ती एकच. मी घड्याळ पाहिलं. मग त्याचा खांदा हलवला.

"दादा, ऊठ. एकोडीची एसटी निघून जाईन."

तो उठून बसला. आपण कुठं आहोत ते त्याला क्षणभर कळेना. उघड्या दारातून भिंतीला टेकवलेली त्याची सायकल आम्हा दोघांनाही दिसत होती.

"हो," तो म्हणाला. "निघतो मी. लय झोपलो."

त्यानं चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि तशा उन्हात सायकल काढली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तोवर तो वळणावर पोचला होता. भासरे तर सायकलनं आले होते ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, कपबशा काढ. साहेब आले. त्यांनी कूलरची तारीफ केली.

दादा नंतरही यायचा, वांगी घेऊन, नवा तांदूळ घेऊन. पण आत येत नसे. कूलरची हवा पोचत नाही अशा बेतानं पायरीवर बसायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, त्या हवेनं मले सर्दी होते.

पुढच्या होळीला मी मुद्दाम रजा काढून एकोडीला गेलो. त्याला त्या एसटीबद्दल सांगायचं होतं. वाटभर शब्द जुळवले, पण समोर गेल्यावर तोंड उघडलं तेव्हा दुसरंच निघालं.

"दादा, टिन काढून टाकू. पुन्हा कवेलू घालू."

तो बैलांपुढं तणीस टाकत होता.

"घालू," म्हणाला. "पण दरसाली फेरायले कोण येईन, बाबू?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि उत्तरासाठी हातातला पेंढा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मी होऊ घातलेल्या बदलीचं काहीतरी बोललो, पोराच्या शाळेचं बोललो. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"राहू दे मग," तो म्हणाला. "मले कोठ्यातच बरं वाटते. बैलं असतात."