शनिवारचा हप्ता

माझ्या धाकट्या भावाने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा घरात वाद झाला तो एवढाच, की ती रोख घ्यायची की कर्जावर. मुळात घ्यायची कशाला, हे कुणी विचारलं नाही. वडखळच्या खाडीकडची आमची जमीन एका प्रकल्पात गेली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. पैसे निम्मे आईच्या नावावर आले, निम्मे भावाच्या. मी त्याआधीच पेणच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. आमच्याकडे बहिणी ती करतातच. बदल्यात साडी मिळाली, पेढे मिळाले, आणि मी रोह्याच्या गाडीत बसून घरी आले. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टवर होता, त्यामुळे पेढे मी एकटीनेच खाल्ले.

गाडी दोन माणसांची. लाल, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली. तिचा फोटो भाऊ मोबाईलवर सगळ्यांना दाखवायचा. एवढ्या पैशात दोन माणसं, असं गावात लोक हसून म्हणायचे. मला मात्र ती गाडी कुठून आली ते माहीत होतं. लहानपणी वडखळच्या नाक्यावर वाहनं तुंबली की आम्ही दोघं उकडलेल्या शेंगांच्या पुड्या विकायचो. एकदा अशाच एका बुटक्या गाडीची काच खाली आली, हात बाहेर आला, दोन पुड्या आत गेल्या. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि गाडी पैसे न देता अलिबागच्या रस्त्याला लागली. भाऊ तिच्यामागे बराच धावला. परत आला तेव्हा रडत नव्हता. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही.

म्हणून तो रोखीवर अडून बसला. "मी पुरे पैसे देनार, बाय," तो मला म्हणाला. "त्यांना म्हनावं, मोजून घ्या."

पण त्याच्या वाट्यातून त्याने गावात घर बांधलं होतं, दोन पाण्याचे टँकर घेतले होते. गाडी रोख घ्यायची तर आईच्या नावावरची ठेव पूर्ण मोडावी लागणार होती. शोरूममधल्या टायवाल्या मुलाने दुसरी वाट सांगितली. हातातले पैसे आधी भरा, उरलेल्याचं कर्ज घ्या, आईची ठेव बँकेत तारण राहू द्या. टँकरच्या भाड्यातून हप्ते जातील, ठेवीला हातही लागणार नाही. मी बारावी शिकलेली. कॅलेंडरच्या मागे मांडून पाहिलं, तर ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा कर्जाचं व्याज जास्त. तरीही मी भावाला कर्जच घ्यायला लावलं. त्याला सांगितलं, आईचे पैसे आईजवळ राहू देत. खरं कारण वेगळं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडणार अशी कुजबुज चालली होती, आणि आईची ठेव शाबूत राहिली तर आईमागे त्यातलं काहीतरी माझ्याकडे येईल असा माझा हिशेब होता. सही करून सोडलेला हक्क मी मनातून सोडलाच नव्हता. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

ठेव आईची, म्हणून भावाने शेवटी तिलाच विचारलं. ओटीवर ती वाल सोलत बसली होती.

"आये, गाडी रोख घेऊ का हप्त्यानं?"

"हप्त्यानंच घे," आई लगेच म्हणाली. "रोखीचा पैसा एका दिसात संपतो. हप्ता दर शनवारी येतो."

भाऊ फोनमध्ये होता, त्याने फक्त पहिले दोन शब्द ऐकले. मी सगळं ऐकलं. आई तीस वर्षं मिठागरावर होती. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या आणि शनिवारी मजुरी घ्यायची, त्या मजुरीला हप्ता म्हणायचे. तिच्या लेखी हप्ता घरात यायचा, घरातून कधी गेला नव्हता. उधारीवर तिने आयुष्यात काडेपेटी घेतली नाही. तिला वाटलं, मुलगा गाडी कामाला लावतोय आणि गाडीची मजुरी दर शनिवारी येणार. तिची समजूत तशीच राहू देऊन मी शेजारी वाल सोलायला बसले.

बँकेतही तेच. आईने साहेबाला विचारलं, हप्ता किती? तो बिचारा महिन्याला भरायचा आकडा बोलला. आईचा चेहरा असा उजळला की साहेबही हसला. तिने एकेक अक्षर जपून काढत सही केली. सही कुठे करायची ते मीच बोट ठेवून दाखवत होते.

गाडी आली. गावच्या खडबडीत रस्त्यावर तिचं पोट घासायचं, म्हणून भाऊ पुढे फळ्या टाकायला माणसं घ्यायचा. आईने लिंबूमिरची बांधली. आत मात्र बसली नाही. कामाची गाडी हाय, उगाच बसून खराब नको करायला, म्हणाली. शनिवारी टँकरच्या भाड्यातून भाऊ तिला घरखर्चाला काही द्यायचा, ती तोच गाडीचा हप्ता समजायची.

पुढच्या पावसाळ्यात भर दुपारच्या उधाणाला खाडीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांधच फुटला, आणि समुद्र गावात शिरला. आईला खांद्यावर घेऊन भावाने शाळेत नेऊन ठेवलं. गाडी काढायला परत गेला तोवर ती टपापर्यंत खाऱ्या पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्याला धीर धरवला नाही. त्याने आत बसून बटण दाबलं. तेवढ्याने इंजिन मेलं. विमावाले म्हणाले, बटण दाबलंत, ही चूक तुमची, याचे पैसे मिळणार नाहीत. गाडी अंगणात गंजत राहिली, हप्ते चालू राहिले. त्याच साली टँकरचं काम सुटलं, मग टँकरही विकले. शेवटी बँकेने आईची ठेव वळती करून घेतली. जे जाऊ नये म्हणून मी गप्प बसले होते, तेच सगळं गेलं.

घराच्या भिंतींत खार शिरला होता, म्हणून पाणी ओसरताच आई शाळेतूनच माझ्याकडे रोह्याला आली होती; अंगणातली गाडी तिने पाहिलीच नव्हती. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. तो मिळेल तिथे कंत्राटावर जायचा. भाऊही आता धाटावला कंत्राटावर येतो. त्याची बस आमच्या घरावरून जाते, पण तो उतरत नाही. ठेव तारण ठेवायला मी लावली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

पहिल्याच शनिवारी आईने विचारलं, "हप्ता आला का गो?"

तिला खरं सांगायचं तर बँकेतल्या त्या दिवसापर्यंत मागे जावं लागलं असतं. मी आत गेले, डब्यातून दोन नोटा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. गाडी मुंबईला कामावर आहे, असं सांगितलं. मग दर शनिवारी तेच. नवऱ्याच्या ओव्हरटाइममधून दोन नोटा. आई त्या कपाळाला लावायची आणि म्हणायची, बरी चालते गाडी.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी तिने मला जवळ बसवलं. उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली. आत नोटा होत्या.

"दर हप्त्याची एक बाजूला ठेवली," ती म्हणाली. "जमिनीच्या कागदावर तुजी सही घेतली तवा तुला कोनी इचारलं नाय. मी पन नाय. हा तुजा वाटा."

मी नको म्हणाले. ती ऐकेना. तिने पुरचुंडी माझ्या ओच्यात टाकली आणि तोंड फिरवलं. न्हाणीत जाऊन मी नळ सोडला आणि रडले. त्या महिन्यात नवऱ्याला काम नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी त्याच पुरचुंडीतल्या दोन नोटा काढल्या आणि हप्ता म्हणून आईच्या हातावर ठेवल्या.