बाईंचं रडणं

आमच्या परतवाड्याच्या गल्लीतल्या एक बाई रोज सकाळी दारात उभ्या राहून रडायच्या. पदर डोळ्यांना, हुंदके पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाणारे, आणि पदराआडून एक डोळा टक्क उघडा. नवखा माणूस घाबरून विचारायचा, "काय झालं हो बाई?" हुंदका न तोडता त्या सांगायच्या, "काई नाही, शाळा चालू हाये."

तुम्ही रडणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील. धडा म्हणून रडणारी ही एकच. उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी, नावानं हाक मारली तरी न बघणारी पोरं बाईंच्या पुढच्या खोलीत शाळेची तयारी करत. रांगेत उभं राहायचं, डबा उघडायचा, घंटेला घाबरायचं नाही. शेवटचा धडा आईला सोडून आत जाण्याचा. त्यात आई व्हायच्या बाई. त्या रडायच्या, पोरानं टाटा करायचा आणि आत जायचं.

माझा सोनू तिथंच शिकला. पोरांवर बाई कधी ओरडल्या नाहीत, तो मान आम्हा आयांचा. मी डब्याचं झाकण आधीच सैल करून दिलं, तर म्हणाल्या, "काहून खोलून देऊन राहिली? उद्या शाळेत त्याच्या बाजूले बसशीन का?" सोनूला काही जमलं नाही की मात्र म्हणायच्या, "होते ना बाप्पा, उशिरा होते."

शाळेचा पहिला दिवस आला. सोनू वर्गात गेला नाही तर पुढच्या वर्षी बघू, असं शाळेनं आधीच सांगितलं होतं. घरात सासूबाईंचं एकच पालुपद, "घरीच राहू द्या लेकराले." बाई मुद्दाम सोबत आल्या. वाटेत बजावलं, "तोंड हसरं ठेव. तुह्या डोळ्यात पाणी दिसलं तर पोरगं घाबरते."

फाटकाशी मी गाल दुखेपर्यंत हसले. घंटा झाली. बाकीची पोरं भोकाड पसरत का होईना, आत गेली. सोनू जागचा हलेना. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आतून मुख्याध्यापक आमच्याकडे बघत होते. मग सोनूनं माझ्या ओढणीचं टोक उचललं आणि माझ्या डोळ्यांना लावलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! आई रडल्याशिवाय जायाचं नाही, हे मीच शिकवलं ना त्याले! रड पोरी, रड!"

आता रडू कुठून आणू? सकाळपासून दाबून ठेवलेलं ऐन वेळी कुठं पळालं कोण जाणे. शेवटी भर फाटकात बाईंनीच पदर डोळ्यांना लावला आणि गळा काढला. रिक्षावाले वळून बघू लागले. सोनूचा चेहरा खुलला. त्यानं हात हलवला आणि सरळ वर्गात गेला, एकदाही मागं न बघता.

मी म्हटलं, "बाई, झालं, गेला तो." पण त्यांचं थांबेना. मी वाकून पाहिलं. पदराआड या वेळी दोन्ही डोळे मिटलेले होते. तेव्हा कुठं मलाही रडू फुटलं.

बाई आता अकोल्याला लेकीकडे असतात. फोनवर विचारतात, "रडते का आता?" मी म्हणते, "नाही हो, सोनू मजेत जातो." त्या म्हणतात, "त्याचं नाही, तुह्यं विचारून राहिली."

सोनू तिसरीत आहे. सकाळी शाळेला निघाला की बाईंच्या कुलूप लागलेल्या दारापाशी थांबतो. तिथं कुणी रडत नाही. तो थोडी वाट बघतो, दाराला टाटा करतो आणि जातो.