बुद्धघोष सरांना ठाऊक होतं

बुद्धघोष सर दारू पितात असं इंदापुरात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. सर तिथल्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक, राहायला बारामतीला. फळ्यावर नुसत्या हातानं असा गोल काढत की पोरं कंपास लावून बघत आणि गप्प बसत. शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही, बारामतीहून सुटणारी सकाळची एसटी कधी चुकली नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणायला पुढं तेच, दारूला न शिवण्याच्या पाचव्या शीलासकट, खणखणीत आवाजात. शाळेत व्यसनमुक्तीची चित्रस्पर्धा असली की परीक्षकही तेच.

आणि हा माणूस रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, अर्धा पेला पोटात ढकलल्याशिवाय शर्टाची बटणं लावू शकत नव्हता. बोटं थरथरत. पेला रिचवला की थांबत, आणि मग दिवसभर सरांसारखा सज्जन दुसरा नाही! बायको प्रियदर्शनी सगळं जाणून होती. पण पगार घरात येत होता, आवाज चढत नव्हता, हात उगारला जात नव्हता. मग तिनं तक्रार करायची तरी कशाची?

संभाजीचं तसं नव्हतं. तो सरांचा लहानपणापासूनचा दोस्त, बारामती-इंदापूर रस्त्याकडेच्या त्यांच्याच गावचा, ऊस पिकवणारा. पिऊन कालव्याच्या भरावावर पडायचा, ट्रॅक्टर चारीत घालायचा, म्हणून दारुडा तो ठरला. दोघं वर्षानुवर्षं एकाच बाटलीतून प्याले, बदनाम मात्र एकटाच झाला. सर शाळेतून परतताना मध्येच उतरत, त्याच्या उसाच्या बांधावर बसत, तोंडात वेलदोडा टाकत आणि पुढची एसटी धरून बारामतीला जात.

एकदा संभाजीची बायको सारजा हात जोडून म्हणाली, "भावजी, तुमी शिकलेली मानसं. तुमचं ऐकतील ते. सांगा की जरा."

सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी संभाजीला दारू सोडायला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या पोटात सकाळचा अर्धा पेला होताच. इतका निलाजरेपणा त्या दारुड्या संभाजीलाही कधी जमला नसता.

संभाजी हसला. "घोषा, तू म्हंतोस तर सोडतो बघ."

त्या भागात दारू सोडायची ती मोरगावच्या गणपतीपुढं, नारळावर हात ठेवून. त्या घटकेपासून थेंबाला शिवायचं नाही. संभाजीच्या भावकीतले श्रीपती तात्या असेच सुटले होते आणि पुन्हा दारूच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते. त्यामुळं गावाचा त्या नारळावर भरवसा. भावकी जीपनं मोरगावला गेली, संभाजीनं शपथ घेतली, पेढे वाटले. तात्यांनी सारजाला बजावलं, "आता खोकल्याचं औषधबी द्यायचं न्हाय. शपथ मोडंल."

तिसऱ्या दिवशी दुपारी सर बघायला गेले. संभाजी बाजेवर घामानं चिंब पडला होता. हात लटलट कापत होते, आणि त्याच हातांनी तो गोधडीवरून काहीतरी वेचत होता.

"मुंग्या हायेत रं घोषा. किती मुंग्या झाल्यात ह्या."

गोधडीवर एकही मुंगी नव्हती.

"देव कसोटी बघतोय," उशाशी बसलेले तात्या म्हणाले. "माझंबी अंग दोन दिस कापत व्हतं. निभावंल."

त्या मुंग्या सरांच्या ओळखीच्या होत्या. मागं शिक्षकांच्या एका मुक्कामी शिबिरात बाटली मिळाली नव्हती, तेव्हा खोलीच्या भिंतीवर त्यांनाही त्या दिसल्या होत्या. तिथल्या डॉक्टरनं बाजूला घेऊन समजावलं होतं, की इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायची नसते, झटके येतात, माणूस जातो. दवाखान्यात राहून, औषधं घेऊन सोडायची असते. सरांनी मान डोलावली होती आणि त्याच संध्याकाळी दुकान गाठलं होतं.

आता एवढंच म्हणायचं होतं, याला आत्ताच्या आत्ता बारामतीला हलवा. पण मग भावकी विचारणार, सर, तुम्हाला कसं ठाऊक? कुठं वाचलंय म्हणून थाप मारता आली असती. पण इतकी वर्षं लपवलेलं उघड्यावर येईल या धाकानं त्यांना तेवढंही सुचलं नाही. "आराम करू द्या त्याला," म्हणाले आणि उठले.

पहाटे संभाजीला झटके आले. जीप बारामतीत शिरायच्या आधीच तो गेला.

दहाव्याला गाव म्हणालं, गडी शपथ पाळून गेला. सारजानं सरांसमोर पदर डोळ्याला लावला. "तुमचे लई उपकार झाले भावजी. निदान दारू पिऊन तरी न्हाय मेले. तुमच्यामुळं."

सर तिथून घरी आले आणि प्रियदर्शनीला म्हणाले, मला दवाखान्यात घेऊन चल. डॉक्टरसमोर त्यांनी सकाळच्या पेल्यापासून सगळं सांगितलं, तेव्हा ती त्यांच्यादेखत पहिल्यांदा रडली. काही दिवस सलाईन, मग गोळ्या, मग कमी गोळ्या. शाळेत कावीळ झाली म्हणून कळवलं, म्हणजे खोटेपणा सुटला नव्हताच. पुढं बारामतीतच एका खोलीत दारू सोडलेली माणसं जमत, तिथं ते जाऊन बसू लागले. तिथं सर सगळं बोलत. फक्त संभाजीचं नाव काढत नसत.

वर्ष उलटलं आणि सारजाचा फोन आला. "भावजी, युवराजबी बापाच्या वाटंनं चाललाय. उठल्या उठल्या लागती त्याला. उद्या मोरगावला नेतोय. तुमी पायजे."

सर त्याच दिवशी गेले. अंगणात युवराज कापणारे हात काखेत दाबून बसला होता. अगदी बापाची ठेवण. सारजानं चहा आणला, पण सरांनी कप घेतला नाही.

"वहिनी, नारळ नको. याला दवाखान्यात न्या. एकदम तोडली तर संभासारखं होईल."

"म्हंजी?"

सरांनी सांगायला सुरुवात केली. न्हाणीघर, पेला, भिंतीवरच्या मुंग्या, शिबिरातला डॉक्टर. काहीही राखून ठेवलं नाही. सारजा कप धरून उभीच होती.

"त्या दिशी तुमी बाजंपाशी व्हता, तवा तुमाला ह्ये ठावं व्हतं?"

"होय."

"आन तुमी म्हनला, आराम करू द्या."

सारजानं कप खाली ठेवला.

"युवराज, ऊठ. तात्यास्नी जीप काढाय सांग. बारामतीला जायचंय." मग सरांकडं न बघता म्हणाली, "डाक्टरचं नाव सांगा."

सरांनी सांगितलं. "मी येतो बरोबर."

"न्हाय. तुमी ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नका."

युवराज बरा होऊन घरी आला, हे सरांना महिन्याभरानं एसटी स्टँडवर तिसऱ्याच माणसाकडून कळलं.