पिझ्झा संपल्यावरची मोजणी

"पिझ्झा संपू दे, मग मोजू," काकू म्हणायच्या आणि खुशाल दाराला टेकून उभ्या राहायच्या.

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या एका युनिव्हर्सिटीत, स्टुडंट्स युनियनच्या ऑफिसात काकू आणि मी, आम्ही दोघंच मराठी. मुलांच्या सोसायट्या, म्हणजे नाटकाची, बुद्धिबळाची, अगदी नुसतं चीज खाणाऱ्यांचीसुद्धा मंडळं. त्यांच्या लोकप्रियतेचे तक्ते मी करायचो. मीटिंगसाठी खोल्या काकू द्यायच्या. जिथे जास्त नावं, ते मंडळ वर, असा माझा सरळ हिशेब.

"नावांचं काय घेऊन बसलास? फुकट पेन मिळतं म्हणून मीही चार ठिकाणी नाव लिहून आलेय," काकू म्हणायच्या.

त्या स्वतः प्रत्येक मीटिंगला पाऊण तास झाला की जाऊन डोकी मोजायच्या. माझ्या यादीत पहिल्या आलेल्या मंडळात एकदा अध्यक्ष आणि फुकट पिझ्झाचे रिकामे खोके एवढेच उरले होते. माझी चांगलीच जिरली. पुढे युनियननेही काकूंचीच मोजणी धरली. आठ डोकी नसली तर खोली जाणार.

तुम्ही म्हणाल, बाई खडूस असणार. छे हो. बुजऱ्या मुलांच्या मंडळात त्या मोजून झाल्यावर चिवड्याचा डबा ठेवून यायच्या.

मग मराठी मंडळाची पाळी आली. ते काकूंच्या लेकीने इथे शिकताना काढलेलं. लेक आता कॅनडात, पण दर बुधवारी दुपारी काकू तिथे पोहे न्यायच्या. त्या दिवशी पोहे संपले, पाऊण तास झाला आणि खोलीत सहा मुलं.

"काकू, आपण दोघं बसू की. झाले आठ," मी कुजबुजलो.

"आपण स्टाफ. आपण धरायचे नाही." त्यांनी सहा लिहिले.

खोली गेली. मला त्यांचा रागच आला. इतकं कसलं ते खरं वागणं! बसस्टॉपवर त्या म्हणाल्या, "लेकीला कसं सांगू रे?" मी त्यांच्या हातातला पोह्यांचा रिकामा डबा घेतला.

यंदा काकू रिटायर झाल्या आणि आजारी बहिणीपाशी नागपूरला गेल्या. परत कधी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांच्या दारातल्या कुंड्यांना पाणी घालायला एका बुधवारी दुपारी गेलो, तर आतून कालवा ऐकू आला. त्या सहांतल्याच एका मुलीने दार उघडलं.

"काकूंनी आम्हाला चावी दिला," ती म्हणाली. "दर वेन्सडेला इथेच भेटतो."

आत बूटच बूट. कोणीतरी मोडक्यातोडक्या मराठीत हिरिरीने भांडत होतं. सोफ्यावर जागा नव्हती, म्हणून मी जिन्यावर बसलो, नागपूरला काकूंना फोन लावला आणि तो खोलीकडे धरला.